फॉरमॅट मारण्याआधी: विंडोजचं अपग्रेड अडकतं ते नेमकं कुठे?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल, पण गेल्या काही महिन्यांत मला नातेवाइकांपासून ते सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी विचारलेला हा प्रश्न आहे. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० चं विंडोज ११ करायला घेतलं, दीड-दोन तास चक्र फिरलं, मशीन तीनदा बंद-चालू झालं, आणि शेवटी 'बदल मागे घेत आहोत' असा संदेश येऊन पुन्हा विंडोज १० च समोर. आता काय?

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असेलच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, आणि त्याच्या आधीपासूनच स्क्रीनभर सूचना यायला लागल्या होत्या. लोकांनी बटण दाबलं. बऱ्याच जणांचं झालं, काहींचं नाही झालं. ज्यांचं नाही झालं ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि तिथे एकच उत्तर मिळालं: फॉरमॅट मारावा लागेल.

आपल्याकडे फॉरमॅट कुणी 'करत' नाही बघा, 'मारतात'. औषध मारतात तसं.

मी काही फॉरमॅटच्या विरोधात नाही, तो कधी योग्य असतो ते पुढे येईलच. पण माझं म्हणणं असं आहे की अपग्रेड फसून जुनं विंडोज परत आलेलं असतं, तेव्हा मशीनने आपल्याला दोन गोष्टी दिलेल्या असतात. एक, तुमचा सगळा डेटा जागच्या जागी. आणि दोन, आपण कुठे अडकलो याची लेखी नोंद. फॉरमॅट मारला की दोन्ही जातात. म्हणून आधी ती नोंद वाचायची.

आता हे हवेत बोलण्यापेक्षा एक खरी केस घेऊया. माझी मावशी मिरजेत राहते आणि घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, श्रद्धांजलीची पत्रकं, आणि मुख्य म्हणजे पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी अहवाल छापून सभासदांपर्यंत पोचायला हवा. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिचा सुगीचा काळ. नेमक्या ऑगस्टमध्ये तिच्या मशीनवर अपग्रेड दोनदा फसलं. मशीन फार जुनं नाही, आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी. म्हणजे विंडोज ११ च्या अटींत बसणारं.

हा फरक लक्षात घ्या हं. टीपीएम २.० नाही, प्रोसेसर यादीत नाही, अशी कारणं असतील तर अपग्रेड सुरूच होत नाही, आधीच सांगितलं जातं की हे मशीन पात्र नाही. ते वेगळं दुखणं. सुरू होऊन, अर्ध्यात जाऊन परत फिरतं ते वेगळं. आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय.

मावशीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, दुकानदार म्हणतोय सगळं कोरं करून नवीन टाकून देतो. कोरं नको गं मला. तीन अहवाल अर्धे आहेत."

मी विचारलं, "मावशी, मशीन आत्ता चालू होतंय ना? पेजमेकर उघडतंय?" म्हणाली, सगळं चालतंय. म्हटलं, मग घाई कसली? अहवालांचं काम सुरू ठेव आणि ते अपग्रेडचं बटण पुन्हा दाबू नकोस, मी शनिवारी येते.

हा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगते. परत फिरलेलं अपग्रेड ही आणीबाणी नसते. बीटेकला आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीमच्या विषयात प्रोसेस शेड्यूलिंग, डेडलॉक, पेजिंग सगळं होतं. पण या अपग्रेडच्या रचनेत किती काळजीपूर्वक परतीचा रस्ता ठेवलेला असतो ते मला नोकरीला लागल्यावर कळलं. ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

अपग्रेडचे चार टप्पे असतात. पहिल्यात अजून जुनंच विंडोज चालू असतं. तपासण्या होतात, फाइली उतरवल्या जातात, सामान बांधलं जातं. दुसऱ्या टप्प्यात मशीन रीस्टार्ट होऊन एका छोट्याशा तात्पुरत्या विंडोजमध्ये जातं, आणि तिथून नवीन विंडोज डिस्कवर मांडलं जातं. जुनं तिथेच बाजूला ठेवलेलं असतं, टाकलेलं नसतं. तिसऱ्या टप्प्यात नवीन विंडोज पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहतं, आणि घरातल्या एकेका उपकरणाची ओळख करून घेतं. हा तुमचा डिस्प्ले, हा प्रिंटर, हे नेटवर्क, वगैरे. चौथ्यात पुन्हा रीस्टार्ट होऊन राहिलेली सेटिंग्ज बसतात आणि तुम्हाला लॉगिन दिसतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गाडी थांबली तर सेटअप जुन्या विंडोजला पुन्हा पुढे आणतं. घर बदलताना नवीन घराचं दार उघडेना, म्हणून सामान जुन्या घरी परत लावून दिलं, असं समजा. जुन्या घराची चावी अजून तुमच्याकडे आहे. फॉरमॅट म्हणजे ते जुनं घर पाडणं.

आता ती नोंद. अपग्रेड फसलं की एक लांबलचक एरर कोड दिसतो. लोक तो बघून घाबरतात आणि खिडकी बंद करतात. मावशीने मात्र मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. दोन भाग होते: ०एक्स सी१९००१०१, आणि त्याच्यापुढे डॅश देऊन ०एक्स ३००१८.

पहिला भाग ढोबळ असतो. सी१९००१०१ चा अर्थ एवढाच की अपग्रेड मागे फिरवावं लागलं, आणि हा कोड आला की बहुतेक वेळा कुठलातरी ड्रायव्हर आडवा आलेला असतो. खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. त्यातला पहिला आकडा म्हणजे टप्पा: १ जुन्या विंडोजमधला, २ तात्पुरत्या विंडोजमधला, ३ पहिल्या बूटचा, ४ दुसऱ्या बूटचा. शेवटचे आकडे म्हणजे त्या वेळी काय काम चालू होतं. १८ म्हणजे सिसप्रेप, नवीन विंडोजला या विशिष्ट मशीनसाठी तयार करण्याचं काम. थोडक्यात ३००१८ म्हणजे पहिल्या बूटमध्ये, मशीनची ओळखपाळख चालू असताना, एखादा ड्रायव्हर उत्तरच देईनासा झाला.

बघा, अजून मिरजेला पोचले नव्हते, रेल्वेत बसून फोटो बघत होते, आणि एवढं कळलं होतं. डिस्क भरली, इंटरनेट तुटलं, फाइल खराब उतरली, या शंका बऱ्याच मागे पडल्या होत्या. मावशीलाही आठवत होतं की दोन्ही वेळा टक्के ६० च्या पुढे गेले होते.

पोचल्यावर पहिला अर्धा दिवस फक्त बॅकअप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डीटीपीवाल्यांचा बॅकअप हा इतरांसारखा नसतो.

आपण म्हणतो, फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या की झालं. मावशीच्या डी ड्राइव्हवर पंधरा-सोळा वर्षांच्या फाइली आहेत. पेजमेकर, कोरलड्रॉ, जुनी वर्डची डॉक्युमेंट्स. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची, तरीही कितीतरी छापखाने आणि डीटीपीवाले अजून ते वापरतात. आणि या फाइलींमधलं मराठी युनिकोड नाही. जुने फॉन्ट असे असायचे की आत साठवलेलं अक्षर इंग्रजीचंच, फक्त त्या अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये 'क' किंवा काना किंवा अर्धा 'स' काढून ठेवलेला. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी.

मी एक प्रयोग करून दाखवला. तिचं २०१२ चं एक निमंत्रणपत्र पेन ड्राइव्हवरून माझ्या लॅपटॉपवर उघडलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' च्या जागी जे काही दिसलं ते बघून मावशी क्षणभर गप्प झाली. "म्हणजे फाइल असूनही नसल्यासारखी की गं." मग तिच्या मशीनच्या फॉन्ट्सच्या फोल्डरमधून तो फॉन्ट आणून बसवला, आणि पत्र परत आलं. दुकानदाराने डी ड्राइव्ह जसाच्या तसा ठेवून फक्त सी ड्राइव्ह कोरा केला असता, आणि तो तसंच करणार होता, तरीही हेच झालं असतं. कारण फॉन्ट सी ड्राइव्हवर असतात.

म्हणून आम्ही काय घेतलं? डी ड्राइव्ह सगळा. विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर सगळा. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा सेटअप आणि त्याचं सेटिंग्जचं फोल्डर. डेस्कटॉप, कारण 'चालू काम' सगळ्यांचं डेस्कटॉपवरच असतं. आणि त्यावर पूर्ण डिस्कची इमेज, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. इमेज म्हणजे फाइलींची प्रत नव्हे, अख्ख्या डिस्कचा ठसा, काही बिघडलं तर मशीन होतं तसं परत उभं करता येतं. त्याला दोनेक तास लागले. तोवर जेवणं झाली.

मग तपास. आधी स्वस्तातल्या गोष्टी. सी ड्राइव्हवर जागा पुरेशी आहे का, मी निदान २५-३० जीबी मोकळी असावी असं धरते. डिस्कची तब्येत ठीक आहे का. विंडोजच्या स्वतःच्या फाइली शाबूत आहेत का. बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस आहे का, असेल तर अपग्रेडपुरता काढायचा. सगळं व्यवस्थित निघालं.

इंटरनेटवर अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: सगळी यूएसबी उपकरणं काढून मग अपग्रेड करा. सल्ला चांगला आहे. मावशीने दुसऱ्या वेळी तेच केलं होतं, प्रिंटर काढला, पेन ड्राइव्ह काढला, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगलसुद्धा काढला. तरी त्याच जागी, त्याच कोडवर फसलं. हे का, ते आता बघा.

अपग्रेड फसलं की सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारा एक लपलेला फोल्डर राहतो, विंडोज बीटी नावाचा. त्याच्यात सोर्सेस, आणि त्याच्या आत पँथर आणि रोलबॅक असे फोल्डर. पँथरमध्ये सेटअपने काय काय केलं त्याची रोजनिशी, रोलबॅकमध्ये परत फिरण्याच्या वेळची नोंद. डिस्क क्लीनअप चालवलं तर हा फोल्डर उडतो, म्हणून तपास होईपर्यंत क्लीनअप करू नका. लॉगच्या फाइली हजारो ओळींच्या असतात. मी त्या खालून वर वाचते. शेवटची ओळ, तिच्या आधीची, तिच्या आधीची. मशीन बंद पडलं तेव्हा त्याच्या हातात काय होतं, ते शेवटीच असणार ना.

एवढं करायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच सेटअपडायग नावाचं मोफत साधन आहे, ते या लॉगमधून चाळून एक छोटा अहवाल देतं. आम्ही दोन्ही केलं. दोन्हीकडे तेच: उपकरणं बसवताना मशीन अडकलं, आणि शेवटी हातात घेतलेला ड्रायव्हर ओईएम आणि एक नंबर अशा नावाचा. बाहेरून आलेल्या सगळ्याच ड्रायव्हरांना विंडोज असं नाव देतं, त्यातून काही बोध होत नाही. पण पीएनपीयूटिल ही विंडोजची आज्ञा सगळ्या ड्रायव्हरांची यादी देते, बनवणारा कोण, तारीख काय. त्या नंबरसमोर २०१० च्या आसपासची तारीख होती, आणि तो ड्रायव्हर होता डोंगलचा.

ज्यांना डोंगल माहीत नाही त्यांच्यासाठी: पेन ड्राइव्हसारखी दिसणारी छोटी काडी. ती लावलेली असेल तरच सॉफ्टवेअर चालतं, म्हणजे लायसन्सची किल्लीच. आता, डोंगल काढून ठेवला तरी त्याचा ड्रायव्हर मशीनमध्ये तसाच असतो. इतकंच नाही, हा जुना ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसणारा होता, आणि डोंगल असो-नसो, विंडोजसोबत सुरू व्हायचा. अपग्रेड करताना सेटअपने तो इमानदारीत उचलून नव्या घरी नेला, आणि तिथे तो आडवा झाला. किल्ली खिशात ठेवली तरी कुलूप दारालाच होतं!

इथे मोह होतो की लगेच तो ड्रायव्हर उडवावा आणि अपग्रेडचं बटण दाबावं. पण तसं करून अपग्रेड यशस्वी झालं असतं आणि डोंगल विंडोज ११ वर चाललाच नसता, तर? मशीन नवं आणि मावशीचं काम बंद. म्हणून उलटीकडून गेलो. डोंगल बनवणाऱ्यांच्या साइटवर नवा ड्रायव्हर मोफत होता, विंडोज ११ साठीचा. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहेच. तिथे तो बसवला, मावशीचा डोंगल लावला. दोन सेकंद काही नाही. मग त्यातला लाल दिवा लागला. टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवून बघितलं, उघडलं. मावशीने माझ्या लॅपटॉपवर चार ओळी टाइप केल्या, जोडाक्षरं, रफार, सगळं तपासलं, आणि मगच म्हणाली, "आता चालेल."

पण त्या दिवशी अपग्रेड केलं नाही. हा निर्णय मावशीचा. मी करून टाकायला तयार होते, रविवार अख्खा हातात होता. ती म्हणाली, अहवाल जाऊ देत, सभा होऊ देत, मग बघू. विंडोज १० चे अपडेट तेव्हा चालूच होते, थांबण्यात धोका नव्हता. आणि आत्ताही, ज्यांचं विंडोज १० आहे त्यांच्यासाठी सांगते, घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. कामाच्या ऐन गर्दीत मशीनला हात लावायचा नाही हे तिचं गणित माझ्या ऑफिसातल्या कित्येक मॅनेजरांपेक्षा बरं आहे.

दसरा झाल्यावर पहिल्या शनिवारी मी परत गेले. बॅकअप ताजा केला. जुना ड्रायव्हर आधी कंट्रोल पॅनलमधून रीतसर काढला, मग पीएनपीयूटिलने त्याचा राहिलेला अंश काढला. रीस्टार्ट करून यादीत तो नाही याची खात्री केली. यूपीएस नीट चार्ज आहे का बघितलं, कारण त्यांच्या गल्लीत शनिवारी वीज जायची शक्यता असते. आणि मग बटण. साठ टक्क्यांच्या पुढे गेलं तेव्हा आम्ही दोघी चहा हातात घेऊन स्क्रीनकडे बघत होतो, जणू क्रिकेटची शेवटची ओव्हर. तिसरा टप्पा गेला, चौथा गेला, लॉगिन आलं. नवा ड्रायव्हर टाकला, डोंगल लावला, दिवा लागला. पेजमेकर उघडलं. प्रिंटर मात्र रुसला होता, तो एकदा काढून पुन्हा जोडल्यावर चालू झाला.

आता फॉरमॅट कधी? डिस्कच मरायला टेकली असेल तर नव्या डिस्कवर कोरं विंडोज टाकणं हाच मार्ग. मशीनमध्ये व्हायरसने घर केलं असेल तरी तेच. किंवा मशीनवर जपण्यासारखं काहीच नसेल, फक्त मुलांचा ऑनलाइन क्लास चालत असेल, तर कशाला लॉग वाचत बसता, कोरं करा. पण दुकानात देणार असाल तर एक विचारून घ्या: विंडोज खरं टाकणार की ऍक्टिवेटरवालं? तुमच्या मशीनवर आधी खरं विंडोज सक्रिय असेल तर त्याची नोंद मदरबोर्डशी जोडलेली असते, त्याच मशीनवर तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ते आपोआप सक्रिय होतं. चोरट्या ऍक्टिवेटरची गरजच नसते.

आणि समजा अपग्रेड नीट परतही फिरलं नाही, मशीन उघडतच नाही, तर? तरीही लगेच फॉरमॅट नाही. दुसऱ्या मशीनवर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून हे मशीन चालू करा, आणि फाइली आणि फॉन्ट बाहेर काढा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की लागेल, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. डेटा हाताशी आला की मग दुरुस्तीचे सगळे प्रयोग बिनधास्त करा.

मावशीच्या मशीनचं आता ठीक चाललंय. डोंगल मात्र एकच आहे, आणि त्याचं प्लास्टिक एका बाजूने तडकलंय, त्यावर तिने सेलोटेप लावली आहे. तो गेला तर पुढे काय, हा प्रश्न अपग्रेडने सुटलेला नाही. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली आहे. प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळं कन्व्हर्टर लागतं, आणि तरीही रफार आणि र्‍हस्व वेलांटी जागा सोडून पळतात. प्रूफ वाचावंच लागतं. दिवसाला दोन फाइली होतात, संध्याकाळी मालिका लागण्याच्या आधी.

या फॉन्ट बदलण्याच्या भानगडीवर पुढच्या भागात सविस्तर बोलू. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या फॉन्टचं नाव कळवा, त्यावरूनच सुरुवात करू. चला, भेटू!